करंजाभोवतीचा गोल

"मेले! सगळे मेले!" वंदना अशी ओरडली की खाडीतले खेकडेसुद्धा घाबरून बिळात शिरले असतील.

आज कामोठ्यात आमच्या सोसायटीचा माळी गुलाबांवर करंजाचं तेल फवारत होता. त्या कडू वासासरशी मी थेट कॉलेजच्या लॅबमध्ये, प्रयोगातली जोडीदार वंदना हिच्या शेजारी पोचलो. काचेच्या बशीत जंतूंची साय धरली होती आणि आमच्या करंजबियांच्या अर्काभोवती मात्र स्वच्छ गोल पडला होता. वंदनाची आई मासेमारीच्या जाळ्याने कापलेल्या हातांना करंजाचं तेल लावायची. वंदनाचा डॉक्टरकी शिकणारा भाऊ त्याला अडाणी उपाय म्हणून हसायचा. "आता बोल म्हणावं दादाला!" वंदना नाचत होती. मी तर मनात करंजाची कंपनी काढून वाशीत सात मजली ऑफिसही बांधलं होतं.

सर आले. "नुसतं अल्कोहोल घातलेली बशी बघितली का?"

तिच्यातही तेवढाच गोल! बिया अल्कोहोलमध्ये भिजवल्यावर ते उडून जाईपर्यंत थांबायचं असतं. आम्हाला कुठला धीर? तसाच अल्कोहोलसकट अर्क ओतला होता.

तेव्हा मी खो खो हसलो. पुढे परीक्षा आल्या, प्रयोग पुन्हा झालाच नाही. आज मात्र तो वास हटत नाही आणि मी सकाळपासून गॅलरीत येरझारा घालतोय. कारण वंदना हसली नव्हती. तिने हळूच विचारलं होतं, "सर, म्हणजे आमची आई चुकली का?"

सर बशा गोळा करत म्हणाले, "ते तुम्ही तपासलंच नाही."