सात नावं

अल्लीपुरात विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करून देणारे प्रेमदास दर रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथ शाळा घेत. बावीस वर्षांत किती पोरांकडून वचनं पाठ करून घेतली, त्यांनाच ठाऊक नव्हतं. उद्या आठ मुलांचं दृढीकरण होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी दिलेला शब्द आता मुलांनी स्वतःच्या तोंडानं द्यायचा. त्या आठांत त्यांची सतरा वर्षांची रूपालीही होती.

शनिवारी दुपारी ती डबा घेऊन दुकानात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबा, मी उद्या नाई उभी राहत."

तांब्याची तार गुंडाळणारा हात थांबला. "काऊन?"

"'माझा विश्वास आहे' म्हणा लागते. मले खोटं नाई बोलता येत."

प्रेमदासांची कानशिलं तापली. पाळकांना काय सांगायचं? ज्यांची पोरं आपण शिकवली, ते काय म्हणतील?

"हे कोणी भरवलं तुह्या डोक्यात?"

"कोणी नाई. अंकितसाठी आपण अकरा दिवस दवाखान्याच्या पायऱ्यांवर प्रार्थना केली. तरी तो गेला. अन् मातीच्या वेळी तुमी सगळ्यांपुढं म्हणलं, देवाची मर्जी. तुमाले तवा खरं वाटत होतं?"

अंकित तिचा धाकटा भाऊ. डेंग्यूनं गेल्याला आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून घरात कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

प्रेमदास ताडकन उठले. आपला हात उठतो की काय, याची त्यांनाच भीती वाटली. रूपाली मागं सरली नाही. ते पुन्हा स्टुलावर बसले.

"नाई," ते म्हणाले. "नोतं वाटत. तवापासून एकट्यानं प्रार्थना केली नाई मी. लोकांपुढं ओठ हलवतो फक्त."

तिनं डबा उघडून त्यांच्यापुढं सरकवला आणि निघून गेली.

रविवारी उपासनेआधी त्यांनी पाळकांना गाठलं. "रूपालीचं नाव वाचू नका. माहा वर्गही काही दिवस दुसऱ्याले द्या."

"तुम्ही शब्द टाकला तर ती उभी राहील," पाळक म्हणाले.

"राहील. म्हणूनच नाई टाकत."

सातच नावं वाचली गेली. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. प्रेमदासांच्या पत्नीनं, अन्नपूर्णाबाईंनी, पदर तोंडाशी धरला. रूपाली बापाशेजारी ताठ बसली होती, मुठी आवळून. प्रेमदासांनी मान वळवून मागं पाहिलं नाही.

दुपारी ताटं वाढल्यावर त्यांनी सवयीनं हात जोडले, पाठ असलेली प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडले.

"देवा, अंकितले काऊन नेलं, मले अजून समजलं नाई. तुह्यावर राग हाय माहा."

अन्नपूर्णाबाईंना हुंदका आवरला नाही. प्रेमदासांनी डोळे किलकिले केले. रूपालीनं डोळे मिटलेच नव्हते. पण तिनं ताटालाही हात लावला नव्हता. वरण निवत चाललं होतं, आणि बाप पुढं काय म्हणतो याची ती वाट पाहत होती.