चाकू घ्यायला जाताना जंबेरीची काडी

मंडळी, आज सकाळी आमची सून सौंसरच्या बाजारात चाकू घ्यायला निघाली. रोज कमरेला राहील असा, स्वतःचा. मी तिच्या पिशवीत जंबेरीची हिरवी काडी टाकली.

"आई, हे काहून?"

तर ऐका. ८५-८६ची गोष्ट. मी रामाकोना गावची नवी सून. जंबेरीच्या, म्हणजे रानटी आंबट लिंबाच्या रोपाची साल चिरून त्यात संत्र्याच्या फांदीचा डोळा बसवून कलम बांधायचं काम गडीमाणसांचं, बायांनी फक्त निंदायचं. मी हट्टच धरला. शेवटी मामाजी, म्हणजे माझे सासरे, मला बाजारात घेऊन गेले आणि त्यांनी चकचकीत घडीचा चाकू उचलला.

मी पदरातून जंबेरीची काडी काढली अन् एकेका चाकूनं साल चिरून पाहिली. दुकानदार हसून राहिला होता. घडीचा चाकू बिजागरीत हलला आणि थेट लाकडात शिरला. मग कोपऱ्यातला लोहारानं बनवलेला, बोटभर पात्याचा, बाभळीच्या मुठीचा साधा चाकू घेतला. साल अलगद उघडली, लाकडाला ओरखडा नाही.

"मामाजी, हाच पाह्यजे."

त्या वर्षी मी बांधलेल्या सगळ्या डोळ्यांना कोंब फुटले. मामाजी गावभर सांगत फिरले, "माह्या सुनेचा हात पाहा!"

आज दुपारी सून परतली.

"आई, दुकानदार हसून राहिला होता."

"मंग?"

"मंग काय, त्याचे सात चाकू नापास केले मी!"

आठवा तिच्या कमरेला आहे. बायांनो, खरं सांगा, विळी सोडून तुमच्या घरात तुमचं स्वतःचं एखादं पातं आहे का?