बारखालचा श्वास

पालेगावात टॉवर उगवले तरी भाताचं एक जुनं गोदाम मध्येच तग धरून होतं. तिथे मी बार उचलायला शिकले. ते दिवस आठवले की आधी उजेडच आठवतो. पत्र्याच्या फटीतून सकाळची तिरीप आत यायची, तळहाताला चोळलेल्या खडूची पूड तिच्यात तरंगत राहायची आणि मी तिच्याकडे बघत राहायचे.

"ए पोरी, झोप झाली असेल तर उचल!" सर ओरडायचे.

सर आनंदनगरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी वेटलिफ्टिंग केलेलं. कारखान्यातून भंगारात निघालेला रबरी पट्टा अंथरून त्यांनी आमची उचलायची जागा केली होती. मी मात्र कबड्डीची. चढाईला चपळ, पण अंगात जोर नाही. दोघींनी कंबर धरली की माझा खेळ खलास. कुमारी गटातलं ते माझं शेवटचं वर्ष. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं नाही तर खेळ बंद, असं बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून सरांकडे गेले.

त्यांनी महिनाभर हातात नुसता बांबू दिला. मला रागच आला. आई म्हणायची, "एवढंच असेल तर गच्चीवरचा कपड्यांचा बांबू काय वाईट आहे?" पण बांबू मांडीपाशी आणायचा, उसळी घ्यायची आणि क्षणात त्याच्याखाली शिरायचं, हे करता करता बांबू वर जातोय की मी खाली, तेच कळेनासं व्हायचं. फार गोड वाटायचं ते.

मग लोखंड आलं आणि घोडं अडलं. बार खांद्यावर यायचा, पण उठताना अंग सैल पडायचं आणि बार धाडकन पुढे. रोज तेच. एके दिवशी सर समोर उकिडवे बसले आणि कान देऊन ऐकू लागले.

"काय पुटपुटतेस गं?"

"काही नाही, सर."

"परत उचल." मी उचलला. "अगं, कबड्डी कबड्डी चाललंय तुझं!"

खरंच की. जोर लावायची वेळ आली की तोंडातून दम आपोआप सुरू व्हायचा. चौथीपासूनची सवय.

"इथे हवा सोडलीस की पोट ढिलं पडतं. श्वास भरून घे आणि तोंड एकदम बंद. उभी राहीपर्यंत एक शब्द नको."

दोन महिने लागले. मग एका सकाळी मी गप्प राहिले. लहानपणी उल्हास नदीत बुडी मारल्यावर कानात जी शांतता भरायची, तीच बारखाली होती. मी उभी राहिले तेव्हा बार खांद्यावरच होता. मला रडू आलं.

निवड चाचणी बदलापूरला होती. माझ्या शेवटच्या चढाईत तिघींनी मला धरलं, एकीने घोटा, दोघींनी कंबर. मी पाय रोवले, पोटभर श्वास घेतला आणि उठले. तिघी माझ्याबरोबर ओढल्या आल्या. सगळं मैदान गोदामासारखं शांत झालं होतं. मध्यरेषेला हात टेकला तेव्हा मी हसत होते.

शिट्टी वाजली. पंचांनी मलाच बाद दिलं. दम तुटला होता. माझं तोंड बंद होतं.

यादीत नाव आलं नाही. सर कुंपणापाशी मान खाली घालून उभे होते.

"माझ्यामुळे गेलं गं तुझं."

त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी विचारलं, "तिघींना घेऊन आले ना, सर?"

"तिघींना," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

परतताना रिक्षात मी तोंडातल्या तोंडात दम घ्यायला लागले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. शेजारची बाई बघत होती, बघू दे. घर दिसलं तरी मी थांबले नाही. थांबले की खेळ संपणार होता.