दादा मला साहेब म्हणायचा

भिलाईत त्या काळी धुळीखालोखाल साहेबच जास्त होते. कारखाना अजून उभा राहायचा होता, साहेब मात्र आधीच उभे राहिले होते. स्टोअरचा साहेब, रशियन साहेब, आणि रशियनाचं बोलणं हिंदीत सांगणारा दुभाषी, तोही साहेब. नागपूरला शिकून मी इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांत आणखी एकाची भर पडली. या शब्दाचा मला आजही राग येतो.

माझा मोठा भाऊ माझ्या आधीपासून तिथं होता. पाया खणायला म्हणून भंडाऱ्याकडून आला आणि पुढे खलाशी झाला, म्हणजे अवजड लोखंड साखळदंडांनी वर चढवणाऱ्या टोळीतला. वडील लवकर गेले. मला त्यानंच शिकवलं, आणि माझ्या शिक्षणापायी त्याचं लग्न लांबत गेलं ते राहूनच गेलं. नेमकं त्याच्याच टोळीवर मला नेमलं. पहिल्या सकाळी मी दादाला हाक मारणार, तोच तो हात जोडून म्हणाला, "नमस्ते साहेब." मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो हसत नव्हता.

संध्याकाळी आम्हा दोघांच्या क्वार्टरात मी त्याच्याशी भांडलो. त्यानं आपला हिशेब सांगितला. मी त्याचा धाकटा भाऊ आहे हे टोळीला कळलं, तर माझं कोणी ऐकणार नाही, सगळे मला पोरगंच समजतील. म्हणून कामावर मी साहेब, घरी आल्यावर पूर्वीचाच. मीही मग मान्य केलं. घरी तो मला नावानं हाका मारायचा, शिव्या द्यायचा, सुपेल्याच्या बाजारातून माझ्या आवडीची वांगी आणायचा. चाललं होतं ठीक.

मग एक दिवस तुळई वर चढत असताना मी नकाशात डोकं घालून तिच्या खालीच जाऊन उभा राहिलो. दादानं माझं नाव घेतलं. गावात तळ्याच्या पाळीवरून घ्यायचा तसं, अख्ख्या आवाजात, पुढे "हट ना बे" लावून. मी उडी मारून बाजूला झालो. सगळी टोळी आमच्याकडे बघत राहिली. आमचा रशियन साहेबही तिथंच होता. त्याची एक सवय होती. त्यांच्याकडे मान द्यायचा तर माणसाच्या नावाला बापाचं नाव जोडून हाक मारतात, म्हणून त्यानं प्रत्येकाच्या बापाचं नाव विचारून ठेवलं होतं. आमच्या दोघांचा बाप एकच, हे त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तो हसून दुभाष्याला म्हणाला, भाऊ आहेत ना हे? दुभाष्यानं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मला तर सुटल्यासारखं झालं. आता लपवायचं काय राहिलं? पण दादा मान खाली घालून घरी आला. त्याला माझा जीव वाचवल्याचं समाधान नव्हतं, जीभ घसरल्याची लाज वाटत होती. जेवताना म्हणाला, "घरी नाव घेतो, म्हनून तिथं तोंडात येते. आजपासून घरीबी साहेब. जिभेले वळन लागलं पायजे."

त्यानं वळण लावलं. साहेब, भाजी घ्या. साहेब, आंघोळीले पानी तापलं. मी चिडलो, अबोला धरला, शेवटी हातापाया पडलो. एकदा ताटावर बसून सांगितलं की नाव घेतल्याशिवाय मी घास घेणार नाही. तोही समोर बसून राहिला. ताटं निवल्यावर म्हणाला की आता सवय झाली, नाव घ्यावं म्हटलं तरी येत नाही. त्याचे डोळे भरून आले होते. मग मी मुकाट्यानं जेवलो. पुढे मला बढती मिळाली आणि मी दुसऱ्या खात्यात गेलो, तरी घरातला साहेब काही गेला नाही.

रोलिंग मिल सुरू झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दादाला कावीळ झाली, आणि ती डोक्यात चढून तो बरळू लागला. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसून होतो. दुपारी त्याच्या तोंडून माझं नाव आलं. किती वर्षांनी ऐकत होतो मी ते. तो गावातच होता बहुतेक, मला घरी बोलावत होता. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "आलो, दादा."

त्यानं डोळे उघडले. माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, आणि हात सोडवून घेऊन जोडले.

"साहेब," तो म्हणाला, "माहा लहाना भाऊ बाहेर उभा असंन. त्याले आत येऊ द्या."

मी येऊ देतो म्हणालो आणि व्हरांड्यात गेलो. बूट काढले, शर्ट काढला. गंजीवर, अनवाणी पुन्हा त्याच्या खाटेशी येऊन उभा राहिलो. तेवढ्यात त्याचा डोळा लागला होता. मी तसाच उभा राहिलो, पण तो पुन्हा जागा झाला नाही.