भिंतीला कान लावणारा गवंडी

नळदुर्गच्या पेठेतली जुनी कमान धोकादायक म्हणून पाडायचं ठरत आलं होतं. ती वाचवायला जुन्या वास्तू जपणाऱ्या आमच्या संस्थेनं एक म्हातारा गवंडी बोलावला. त्यानं आल्या आल्या भिंतीला कान लावला, बोटांनी टकटक केलं आणि हसला.

"लई ठणठणीत हाय. वरचं शिमिट तेवढं काढा, गुदमरलीय बिचारी."

महिनाभर तो गाणी म्हणत चुना कालवत होता. कमान वाचली, खाली पुन्हा बांगड्यांचं दुकान लागलं.

"कमानीला पाटी लावतोय, तिच्यावर तुमचं नाव काय घालू?" मी विचारलं.

"जेनं बांधली त्याचं तरी कुठं हाय?" म्हणत तो हसत एसटीत चढला.

मग पाटी लावलीच नाही. बांगडीवाली खूश झाली. त्या जागेवर तिला आरसा लावता आला.