उलट्या काळजाचा सात नंबर

आप्पा गेले त्याला तीन आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी यंत्राबद्दल लिहावं लागेल. एकतीस वर्षं ते त्याच्यासमोर बसले होते.

यंत्र म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यातली दीडशे मीटर लांब नळी. नळीत हवा नाही. तीतून कणांची धार सोडायची, तिचा वेग वाढवत न्यायचा आणि टोकाला ठेवलेल्या नमुन्यावर नेमकी पाडायची. कागदोपत्री तिला शलाका म्हणत. आप्पा धारच म्हणत. “गवळी आहे मी,” ते म्हणायचे, “फक्त माझी म्हैस कोणाला दिसत नाही.”

धारही दिसत नाही. म्हणून नळीवर बारा ठिकाणी ती टिपणारी उपकरणं होती. आप्पा त्यांना पहारेकरी म्हणायचे. धार मधोमध असली की पहारेकरी शून्य दाखवतो. अधिक आकडा म्हणजे धार उजवीकडे सरकली, उणे म्हणजे डावीकडे. मग आप्पा पॅनेलवरचं एखादं बटण केसभर फिरवून तिला मध्ये आणत.

ते पॅनेल आता निघणार होतं. त्याच्या जागी येणारा संगणक पहारेकऱ्यांचे आकडे वाचून धार स्वतःच वळवणार होता. त्यासाठी आप्पांच्या चौदा वह्या नियमावलीत उतरवायला माणूस हवा होता. जाहिरातीत ‘भाषा उत्तम हवी’ असं होतं. मी साहित्यात एम. ए. करून घरी बसले होते.

“फिजिक्स किती झालंय?” पहिल्या दिवशी आप्पांनी विचारलं.

“दहावीपर्यंत. तेही रडतखडत.”

“म्हणजे पाटी कोरी. झकास. शिकलेली माणसं मला दुरुस्त करत बसतात.”

आठ महिने मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. ते मला ‘साहित्यिक’ म्हणत. दुपारी डबा उघडला की अर्धा माझ्याकडे सरकायचा. एकदा मी त्यांना विचारलं, निवृत्त झाल्यावर काय करणार?

“काहीही करीन. डोकं ठिकाणावर राहू दे म्हणजे झालं.”

मग त्यांनी थोरल्या भावाचं सांगितलं. भाऊ हिशेबात वाघ. साठीनंतर एकेक गोष्ट निसटत गेली. शेवटी आप्पा भेटायला गेले की ते नम्रपणे विचारायचे, “आपण कोणाकडचे?” आप्पांना मरणाचं भय नव्हतं. त्यांना याचं होतं. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी ते बाराही पहारेकऱ्यांचे कालचे आकडे मनातल्या मनात म्हणत. तो त्यांचा स्वतःवरचा पहारा होता.

वह्यांतलं अक्षर घाईचं होतं. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. शब्द गळलेले, वाक्यं अर्धी. मी पेन्सिलीने सुधारत गेले आणि मग टाइप करत गेले. कामात गोडी वाटत होती. आप्पांची भाषाही मला आवडायची.

“सातवा आपला उलट्या काळजाचा,” ते मधूनच म्हणायचे. “त्याच्याशी जपून.”

मी हसायचे. कोणत्या गावात यंत्राला काळीज असतं? तो शब्दप्रयोग मी माझ्या डायरीत उतरवून ठेवला.

नियमावली तयार झाली. प्रत्येक पानाखाली आप्पांची सही लागणार होती.

“नीट वाचा हं,” मी म्हटलं.

“अगं, माझंच मला काय वाचायचं? आणि तू लिहिलंयस म्हणजे काना-मात्रा हलायची नाही.”

दोनशे दहा सह्या त्यांनी एका बैठकीत केल्या.

चाचणी सकाळी अकराला होती. नव्या व्यवस्थेचं काम इंजिनिअरबाईंकडे होतं. त्या आप्पांच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि त्यांना मान देत.

“आप्पा, आज हात मागे बांधून बसायचं.”

“बसतो की. जावयासारखा. पाट मांडला नाहीत एवढंच.”

सगळे हसले. आधी पातळ धार सोडली. ती पार टोकापर्यंत गेली. पण एवढ्या पातळ धारेवर पहारेकऱ्यांचे आकडे विश्वासाचे नसतात. म्हणून ती वाढवली आणि वळवण्याचं काम संगणकाच्या हाती दिलं. सातव्याने अधिक दोन दाखवले. संगणकाने धार डावीकडे ढकलली. आकडा चार झाला. संगणकाने आणखी डावीकडे ढकललं.

आप्पा खुर्चीतून उठले. त्यांचा हात जिथे जुनं बटण होतं तिथे गेला. तिथे आता गुळगुळीत टेबल होतं.

बोगद्यातल्या पंपांचा आवाज बदलला. “हवा शिरली,” आप्पा म्हणाले. धोक्याची घंटा त्यानंतर वाजली. धार नळीला घासली होती आणि पातळ जोडाला भोक पडलं होतं. दुरुस्ती तीन महिन्यांची.

बाईंनी नियमावली उघडली. “आप्पा, सातवा उलटा आहे का?”

“उलटाच आहे. बसवतानाच त्याच्या तारा अदलाबदल झाल्या. नळी उघडल्याशिवाय काढता येत नाहीत, म्हणून तशाच राहिल्या. त्याचं अधिक म्हणजे डावी.”

“मग इथे उजवी कसं?”

आप्पांनी पान जवळ घेतलं. खाली त्यांची सही होती.

“मी चुकीचं लिहिलं असणार,” ते म्हणाले. मग हळूच, “एकतीस वर्षं रोज हाताने केलं. आणि लिहिताना विसरलो.”

कोणी त्यांना बोल लावला नाही. बाई तर म्हणाल्या, “होतं हो आप्पा.” ते त्यांना जास्त लागलं.

वह्या माझ्या कपाटात होत्या. कोणी मागितल्या नाहीत. मीही उघडल्या नाहीत. विसरलो असं ते स्वतःच म्हणाले होते. ते मानणं मला सोयीचं होतं.

निवृत्तीला चार महिने असताना त्यांनी रजा टाकली. मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचे. घरभर चिठ्ठ्या दिसू लागल्या होत्या. शेगडीपाशी ‘बंद केली का?’ दारावर ‘किल्ली’. आरशावर मुलीचा फोन नंबर.

“डॉक्टरांना दाखवा ना,” मी म्हटलं.

“निकाल माहीत असताना परीक्षा कशाला देऊ?”

काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना जपायचं ठरवलं होतं. त्या त्यांच्या शर्टाची बटणं लावत. रक्तदाबाची रोजची गोळी दिली की म्हणत, “गिळली ना? जीभ दाखवा बघू.” आप्पा जीभ दाखवत. माझ्यासमोरसुद्धा.

एका सकाळी ते खुर्चीतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

वह्या घरी पोचवाव्यात म्हणून काल मी कपाट उघडलं. नववी वही सहज चाळली. मधल्या एका पानावर आप्पांचं अक्षर होतं: ‘सातला अधीक आला तर धार डावी. ऊलट्या काळजाचा.’ त्यावर माझी पेन्सिल. ‘अधीक’मधला धी ऱ्हस्व केला होता. ‘डावी’ खोडून ‘उजवी’ केलं होतं, कारण बाकी अकरा ठिकाणी उजवी होतं. दुसऱ्या वाक्याला कंस घालून शेजारी लिहिलं होतं: ‘बोलीतला शेरा. गाळावा.’

मी पान बाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. “काकूंना तूच सांग,” त्या म्हणाल्या.

आज मी काकूंकडे गेले. वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मधे कुठे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं.

“म्हणजे ते काहीच विसरले नव्हते?”

“नाही, काकू.”

“डोकं शाबूत होतं?”

“हो.”

मला वाटलं, त्या मला जा म्हणतील. मी तयार होते. त्या वहीकडेच बघत होत्या.

“आणि मी त्यांना रोज जीभ दाखवायला लावत होते,” त्या म्हणाल्या.