तीन घासांत कापलेले केस

"टोप आल्याशिवाय मी सही करणार नाही. किती वेळा सांगू तुला?"

"अगं ताई, परदेशातल्या कुणा म्हातारीच्या डोक्यावरचा टोप येणार, आणि त्यावरून आपली धाकटी जिवंत आहे की नाही ते ठरणार?"

"हो. तसंच."

"लोकांनी ऐकलं तर तुला नाही, मला वेड्यात काढतील."

"मग हळू बोल."

भाऊ हातात कागद घेऊन कारखान्याच्या पायरीवर बसला होता. ती दारातच उभी, अ‍ॅप्रनला केस चिकटलेले. धाकटी अकरा वर्षांपूर्वी एका दलालाबरोबर परदेशी कामाला गेली. कुठल्या देशात, तेही कळलं नाही. पत्र नाही, निरोप नाही. आता भावाला घर पाडून नवं बांधायचं होतं. घरावर तिघांची नावं. धाकटीचं नाव काढायचं तर ती मेली असं दोघा भावंडांनी लिहून द्यायला हवं. त्याची सही झाली होती.

या ताईला कारखान्यात सगळे गाठमावशी म्हणतात. मालकही म्हणतो, आणि तो तिच्याहून सहा वर्षांनी थोरला आहे. इथे केसांचे टोप बनतात. कापडी डोक्यावर जाळी ताणायची आणि बारीक आकडीने एकेक केस गाठ मारून जाळीला बांधायचा. एका टोपाला महिना जातो आणि मान आखडते ती वेगळीच. केसाला मूळ असतं आणि शेंडा असतो. चिमटीत धरून बोट फिरवलं की एकीकडून गुळगुळीत लागतो, दुसरीकडून खरखरीत. उलटसुलट मिसळले की टोपाचं घरटं झालंच म्हणा. गाठमावशी डोळे मिटून मूळ ओळखते. टोप जातात परदेशी, आणि केस तरी कुठले आपले? तेही पोत्यांतून चार देशांचे येतात. केस एकीचे, डोकं दुसरीचं, मधे हिची बोटं.

जायच्या आदल्या दिवशी धाकटीने स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीने वेणी कापली. मनगटाएवढी वेणी, एका दमात तुटते कसली! तीन घासांत तुटली, पायऱ्या पायऱ्या करून. "तूच बांध याचा टोप," म्हणाली. "परक्या हातात नको." सकाळी अंथरूण रिकामं.

तिच्या डाव्या कानामागे जन्मापासून एक तांबूस बट होती. गाठमावशीने ती टोपातही डाव्या कानामागेच बसवली. टोप एका थंड देशातल्या म्हाताऱ्या बाईकडे गेला. आजारात तिचे केस गेले होते.

वर्षभराने तो दुरुस्तीला परत आला. सोबत चिठ्ठी. कारकुनाला ती भाषा येते, त्याने डबा खाता खाता वाचून दाखवली. 'टोप उत्तम आहे, पण लांब होतो आहे. खांद्यावर टेकत होता, आता कोटाच्या बटनात अडकतो. कापून द्यावा.'

मालकाला हसून हसून ठसका लागला. "टोप नाही वाढत, म्हातारी आक्रसतेय!"

गाठमावशीही हसली. मग जागेवर जाऊन तिने मापांची वही काढली. पाठवताना सोळा बोटं लिहिली होती. आता चोवीस भरली. दोनदा मोजलं. जित्या माणसाचे केस वर्षाला वाढतात, तेवढेच. तिने कात्री घेतली, आठ बोटं कापली आणि तोंडातून ब्र काढला नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात टोप यायचा, दर वेळी आठ बोटं जास्त. चिठ्ठीवर 'केस बांधणाऱ्या बाईस' एवढंच असायचं. एकदा म्हातारीने लिहिलं, 'मी विंचरून ठेवते आणि सकाळी भांग दुसरीकडे असतो. भीती नाही वाटत. घरात कुणीतरी आहे, असं वाटतं.' गेल्या वर्षी तर गाठींपाशी चार पांढरे केस निघाले. हिने पांढरा केस एकही बांधलेला नव्हता. धाकटी चाळिशीला टेकली असणार. गाठमावशीने ते चार केस तसेच राहू दिले.

भाऊ सांगून ऐकेना. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हाच टोपाचं खोकं आलं. कारकुनाने उभ्या उभ्या चिठ्ठी वाचली.

'या वेळी काही काम नाही. मंगळवारी सकाळी उठले तर केस आखूड झालेले. मी कापले नाहीत. हात थरथरतात म्हणून मुलीने माझी कात्री कधीच उचलून नेली. खाली एकही केस पडलेला नव्हता. आता घरात कुणी आहे असं वाटत नाही. टोप तुमच्याकडेच असलेला बरा.'

या वेळी मालक हसला नाही.

"संपलं," भाऊ म्हणाला. "म्हातारीसुद्धा तेच म्हणतेय. ताई, सही कर."

गाठमावशीने टोप कापडी डोक्यावर चढवला. सगळे केस मानेपाशी मुठीत गोळा केले, वेणी घालताना करतात तसे, आणि मूठ भावासमोर धरली. शेंडे सरळ नव्हते. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी.

भावाने ती वेणी तेव्हा पाहिली होती. फळीवरून त्यानेच उचलून दिली होती. त्याने हात पुढे केला आणि न लावताच मागे घेतला.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे मागच्यासारखीच वेणी कापली आणि निघाली."

"कुठे?"

"मला काय विचारतोस? तुझ्या कागदात लिहिलंय का?"

त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "घर पाडायचं थांबवू?"

"तिला दुसरं घर माहीत आहे का?"

त्याने कागद फाडला नाही. फाडणाऱ्यातला तो नाहीच. चार घड्या करून खिशात कोंबला आणि टोपाकडे पाठ न करता दारापर्यंत मागे मागे गेला. उंबऱ्याला अडखळला.

"बघून चाल," ती म्हणाली. मग मालकाकडे वळली. "यापुढे पोती मी उघडणार."

"तुझं काम गाठींचं."

"गाठीही मारीन. तिने वेणी कापली, म्हणजे ती वेणी कुठल्या ना कुठल्या पोत्यात पडणारच."

मालकाने सुरी पुढे केली. कोपऱ्यात सकाळी आलेली पाच पोती होती. तिने पहिल्याची शिवण उसवली, वरची जुडी काढली, दोरा सोडला. चिमटीत धरून बोट फिरवलं. मूळ, शेंडा. उजेडात धरून पाहिली. तांबूस नव्हती. बाजूला ठेवली, दुसरी घेतली.